सिंहगड उतरताना मांड्या का थरथरतात

तुमचे प्रश्न वरवर पाहता तीन वेगळे आहेत. तुम्ही 46 वर्षांचे, काम बैठं, राहायला कोथरूडला. अधूनमधून रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढता. चढताना दम लागतो पण पाय साथ देतात, उतरताना मात्र मांड्या थरथरायला लागतात आणि मंगळवारी सोसायटीचा जिना उतरणंही नको होतं. मित्र म्हणतो लॅक्टिक ॲसिड साठलंय, लिंबू-मीठ-पाणी पी. दुसरा प्रश्न जिमचा: पाच आठवड्यांत लेग प्रेसवरचं वजन जवळपास दुप्पट झालं, पण मांडीचं माप टेपवर होतं तेवढंच आहे, आणि ट्रेनर पावडरचा डबा घ्या म्हणून मागे लागलाय. तिसरा आईंचा: वय 71, तापानं दहा-बारा दिवस अंथरुणावर होत्या, ताप गेला तरी आता हातांनी रेटा दिल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही, आणि घरातले सगळे त्यांना "तू फक्त आराम कर" असं सांगताहेत.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. माझ्या मते तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. स्नायूकडे जे काम मागाल, ज्या पद्धतीनं मागाल, त्याच कामासाठी तो तयार होतो. मागणं थांबवलंत की ती तयारी तो मोडून टाकतो, आणि उतारवयात फार झपाट्यानं मोडतो. आईंच्या बाबतीत घाई हवी ती म्हणूनच. पण आधी स्नायू आत काय करतो ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

हाडांना जोडलेले, आपल्या इच्छेनं हलणारे स्नायू शरीरात सहाशेहून अधिक आहेत, आणि तरुण निरोगी माणसाच्या वजनाचा सुमारे 40 टक्के वाटा त्यांचा असतो. मांडीच्या पुढच्या स्नायूतला एक तंतू केसासारखा बारीक, पण कित्येक सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या आत सार्कोमिअर नावाचे छोटे कप्पे एकापुढे एक रांगेत असतात. एक कप्पा साधारण अडीच मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे 10 सेंटिमीटरच्या तंतूत एका रांगेत सुमारे 40,000 कप्पे. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारचे धागे असतात: ॲक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः लहान होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. 1954 मध्ये अँड्र्यू हक्स्ले आणि रॉल्फ निडरगेर्के यांनी एकीकडे, ह्यू हक्स्ले आणि जीन हॅन्सन यांनी दुसरीकडे, स्वतंत्रपणे हे दाखवून दिलं. आडनाव एक असलं तरी हे दोन हक्स्ले एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

सरकतात कसे? विहिरीतून पोहरा ओढताना आपण दोर एका हातानं धरतो, ओढतो, सोडतो आणि पुन्हा पुढे धरतो. मायोसिनच्या धाग्यावरची असंख्य डोकी ॲक्टिनच्या धाग्याला तसंच धरतात, ओढतात, सोडतात. एका ओढीत धागा सरकतो सुमारे 10 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. पण अशी हजारो कप्प्यांतली ओढ एकात एक मिसळली की गुडघा सरळ होतो. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की एटीपी हे इंधन लागतं ते पकड सुटण्यासाठी. एटीपीचा रेणू येऊन चिकटला की मायोसिनचं डोकं सुटतं आणि पुढच्या ओढीसाठी सज्ज होतं. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं त्याचं कारण हेच: इंधन संपतं, पकड सुटत नाही.

ओढायला सुरुवात कधी करायची हे मज्जातंतू ठरवतो. पाठीच्या कण्यातून निघालेला एक मज्जातंतू अनेक स्नायुतंतूंना फांद्या देतो, आणि तो मज्जातंतू व त्याचे स्नायुतंतू मिळून जी तुकडी होते तिला मोटर युनिट म्हणतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत अशी तुकडी जेमतेम दहाएक तंतूंची असते, पोटरीत हजाराच्या वर. संदेश पोचला की ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटतं, तंतूच्या पृष्ठभागावरून विजेची लाट धावते, आतल्या साठ्यातून कॅल्शिअम बाहेर येतं, आणि ॲक्टिनवर मायोसिनला धरायच्या ज्या जागा झाकलेल्या असतात त्या उघड्या पडतात. कॅल्शिअम परत साठ्यात ओढून घेतलं की स्नायू सैल पडतो. त्यालाही एटीपी खर्ची पडतंच.

हलक्या कामाला मेंदू छोट्या तुकड्या बोलावतो, ज्या सावकाश पण न थकता काम करतात. भार वाढला की क्रमानं मोठ्या, जलद, जोरकस आणि लवकर थकणाऱ्या तुकड्या कामाला लागतात. एल्वुड हेनेमन यांनी हा क्रम मांडला आणि तो आजही टिकून आहे. रोज तासभर सपाटीवर रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या मोठ्या तुकड्यांना वर्षानुवर्षं कोणी बोलावतच नाही, ही गोष्ट आईंच्या प्रश्नात पुन्हा येणार आहे.

आता तुमचा सिंहगड. आतकरवाडीपासून वरपर्यंत उंचीचा फरक साधारण 600 मीटर धरू. 70 किलोचं शरीर तेवढं वर न्यायला लागणारं निव्वळ काम सुमारे 100 किलोकॅलरीचं. स्नायूंची कार्यक्षमता 20 ते 25 टक्के, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च 400 ते 500 किलोकॅलरी होतो, बाकीची सगळी उष्णता. म्हणून चढताना घाम आणि दम. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो: पाय वरच्या दगडावर, गुडघा वाकलेला, आणि स्नायू आखडून तो सरळ करतो. उतरताना नेमकं उलटं होतं. शरीर खालच्या दगडावर येत असतं, गुडघा वाकत असतो, मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो, आणि लांबत असतानाच त्याला भार धरून ठेवावा लागतो. चढताना कमावलेली ती 100 किलोकॅलरी उतरताना कुठेतरी जिरवावी लागते, आणि ती बहुतांशी तुमच्या पायांतच जिरते. भरलेला पोहरा परत विहिरीत सोडायचाय आणि दोर तर हातातून सुटू द्यायचा नाही, तसं हे काम. ओढायला लागते तेवढी शक्ती लागत नाही, पण तळहात सोलवटतात ते याच वेळी.

या उतरत्या कामाचा दम लागत नाही हे 1952 मध्ये इंग्लंडमध्ये फार सुंदर रीतीनं दाखवलं गेलं. ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीनं जोडल्या. एकानं पुढे पेडल मारायचं, दुसऱ्यानं मागे फिरणाऱ्या पेडलना विरोध करायचा. दोघांच्या पायांवरचा जोर तोच, वेगही तोच. तरी विरोध करणाऱ्याचा प्राणवायूचा खर्च कितीतरी कमी निघाला. कारण लांबत असताना स्नायू स्थिर असतानापेक्षाही जास्त जोर पेलू शकतो, त्यामुळे तेवढ्याच जोराला कमी तंतू पुरतात. आणि दुखण्याचं मूळ इथेच आहे: तेवढा भार थोड्या तंतूंवर येतो.

त्या थोड्या तंतूंतले काही सार्कोमिअर मर्यादेपलीकडे ताणले जातात, त्यांची रचना विस्कटते, तंतूचं आवरण जागोजागी फाटतं, कॅल्शिअम आत झिरपतं. जोर त्याच क्षणापासून घटतो. दुखणं मात्र उशिरा येतं, कारण ते दुरुस्तीच्या कामाचं दुखणं आहे: सूज, दुरुस्तीला आलेल्या पेशी, आणि त्यांच्यामुळे हळव्या झालेल्या वेदनातंतूंची टोकं. 24 ते 72 तासांत ते शिगेला पोचतं. रविवारी गड उतरलेल्याला मंगळवारी जिना नकोसा होतो तो यामुळेच. उतरताना येणारी थरथर हा त्याच गोष्टीचा आधीचा टप्पा. आधी कामावर असलेल्या तुकड्या थकून मागे पडतात, मेंदू मोठ्या तुकड्या बोलावतो, आणि मग जोर सलग न येता धक्क्याधक्क्यानं येतो.

म्हणून लॅक्टिक ॲसिडचं म्हणणं पटण्यासारखं नाही. एक तर चढताना ते उतरण्यापेक्षा जास्त तयार होतं. दुखणं त्याच्यामुळे असतं तर चढून गेल्यावर मांड्या आंबल्या असत्या आणि उतरताना मोकळ्या झाल्या असत्या. दुसरं, रक्तात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं) विश्रांती घेतली की तासाभरात मूळ पातळीच्या आसपास येतं, मंगळवारपर्यंत ते कुठलं उरायला? तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: लॅक्टेट हे इंधन आहे. हृदय ते जाळतं, मंद तंतू ते जाळतात, यकृत त्याची परत साखर करतं. बेडकाचा स्नायू शरीराबाहेर काढून थकेपर्यंत आखडायला लावला तर त्यात लॅक्टिक ॲसिड साठतं, असं गेल्या शतकाच्या सुरुवातीला दिसलं आणि तिथून हा समज पसरला. पण त्या स्नायूला रक्तपुरवठा नव्हता, साठलेलं वाहून न्यायला काही नव्हतं. जोरदार व्यायामात येणारा थकवा बराचसा येतो तो फॉस्फेट साठल्यानं आणि कॅल्शिअम नीट न सुटल्यानं. लिंबू-मीठ-पाणी घामातून गेलेलं पाणी भरून काढायला चांगलं आहे, अवश्य प्या, गडावरचं ताकही प्या. मांड्यांच्या दुखण्यावर त्यानं फरक पडणार नाही.

फरक पडतो तो एका वेगळ्या गोष्टीनं, आणि ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे. स्नायूनं एकदा उतरण्याचं काम केलं, अगदी हलकं का होईना, की पुढचे काही आठवडे तेच काम त्याला फारसं इजा करत नाही. दोन महिन्यांनी एकदा गडावर जाणारा दर वेळी नव्यानं दुखवून घेतो. दर आठवड्याला जाणाऱ्याला हा त्रास जवळपास नसतो, वय साठ असलं तरी. तेव्हा गडाच्या दोन-तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा उतरण्याचा सराव करा. पर्वतीच्या 103 पायऱ्या त्यासाठी उत्तम. चढा कसेही, पण उतरताना प्रत्येक पायरीवर पाय सावकाश टेकवा. घरच्या घरी करायचं तर बैठका, खाली जाताना मनात चार आकडे मोजत. तालमीत बैठका मारणारी मुलं गड उतरताना कुरकुरत नाहीत ती काही उगाच नाही.

क्लिनिकमध्ये मी एक साधी चाचणी घेते, ती घरी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तुम्हीही करून पाहा. कठड्याला बोट लावून पायरीवर एका पायावर उभे राहा, दुसऱ्या पायाची टाच सावकाश समोर जमिनीपर्यंत न्या, टाच नुसती शिवायची आणि परत वर यायचं. आरशात किंवा मोबाइलवर गुडघा बघा. बहुतेकांचं पहिले काही सेंटिमीटर छान जातं, मग गुडघा आत झुकतो, कंबर एका बाजूला पडते, आणि शेवटचे चार-पाच सेंटिमीटर टाच धपकन आदळते. त्या शेवटच्या टप्प्यात भार धरणारं कोणी नसतं. गडाच्या वाटेवर हेच हजारो वेळा होतं, आणि प्रत्येक धक्का स्नायूऐवजी गुडघ्याच्या सांध्यावर जातो. आठ-दहा वेळा टाच आवाज न करता टेकवता आली की मांडी आणि कुल्ल्याचा स्नायू उतरण्यासाठी तयार आहे असं समजा. गुडघ्यात टोचल्यासारखं दुखत असेल तर मात्र पायरीची उंची कमी करा, दुखणं दाबून पुढे जाऊ नका.

प्रत्यक्ष गडावर पावलं लहान टाका, मोठ्या दगडावरून उडी मारू नका, काठी घ्या. डिसेंबरच्या पहाटे निघणार असाल तर पायथ्याशी दहा मिनिटं भरभर चालून अंग तापवा. थंड स्नायू मंद आखडतो आणि मंद सैल पडतो, तापमान अंशाअंशानं वाढलं की त्याची ताकद लावण्याची गती वाढते. ताणाचे व्यायाम करायला हरकत नाही, पण त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं दुखणं टळत नाही. दुखायला लागल्यावर पडून राहण्यापेक्षा सावकाश चाललेलं बरं. वेदनाशामक गोळी सवयीनं घेऊ नका, विशेषतः घाम गाळून आलेल्या दिवशी, कारण कोरड्या पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला जड जाते. आणि कधी सवय नसताना फार श्रम झाले, मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी कोलासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायूतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंड बंद पडू शकतं, तिथे घरगुती उपाय करत बसायचं नाही.

जिमचं उत्तर थोडक्यात देते. वजन दुप्पट झालं आणि माप तेवढंच, यात काही चुकलेलं नाही. पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती मुख्यतः मेंदूची आणि मज्जातंतूंची हुकमत: अधिक तुकड्या कामाला लागतात, त्या जास्त वेगानं संदेश पाठवतात, विरुद्ध बाजूचे स्नायू उगाच आवळले जात नाहीत, आणि त्या यंत्रावरची हालचाल तुमच्या अंगवळणी पडते. एका हातानं व्यायाम केला तर न केलेल्या हाताचीही ताकद काही प्रमाणात वाढते, हे 1894 पासून माहीत आहे. तिथे स्नायूची जाडी वाढण्याचा प्रश्नच नसतो. टेपला कळेल इतकी वाढ व्हायला साधारण दोन-तीन महिने नियमित भार लागतो, आणि तो भार वाढत राहावा लागतो. सेट संपताना अजून दोन-तीन वेळाच जमलं असतं असं वाटलं पाहिजे, वीस वेळा सहज झालं असतं असं नाही. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. साठवलेलं एटीपी जोरदार कामात दोन-तीन सेकंद पुरतं, त्याच्या मदतीला येणारं क्रिएटिन फॉस्फेट आणखी काही सेकंद, आणि ते पुन्हा भरायला मिनिटं लागतात. मोबाइलकडे न बघता शांत बसलात तर ती मिनिटं फार वाटत नाहीत.

पावडर म्हणजे दुधातलं प्रथिन वाळवलेलं. जेवणातून पुरेसं मिळत असेल तर गरज नाही, मिळत नसेल तर सोय म्हणून घ्यायला हरकत नाही. ज्या पूरक पदार्थाचा जोराच्या कामात खरोखर उपयोग दिसतो ते क्रिएटिन मोनोहायड्रेट, दिवसाला 3 ते 5 ग्रॅम. क्रिएटिन आहारात मांस-मासळीतून येतं, म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूत त्याचा साठा कमी असतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घेत असाल तर रक्ततपासणीच्या वेळी सांगा, कारण मूत्रपिंडाचं काम जोखायला बघतात तो क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो आणि विनाकारण घबराट होते.

आता आई. तुमच्या तीन प्रश्नांत मला काळजी वाटली ती याच प्रश्नाची, आणि घरातल्यांनी मनापासून दिलेला सल्ला नेमका उलट आहे म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

अंथरुणावरचे दहा दिवस तरुणाला आणि म्हातारपणी सारखे नसतात. निरोगी ज्येष्ठांना स्वेच्छेनं दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला होता. आजार नाही, जेवण नीट, तरी दोन्ही पायांतून मिळून सुमारे एक किलो मांस कमी झालं. आईंना वर ताप होता, म्हणजे भूक मंदावलेली आणि शरीर स्वतःचं प्रथिन मोडून इंधन करत होतं. त्यात वयाप्रमाणे आधी झिजतात ते जलद, जोरकस तंतू, म्हणजे मोठ्या तुकड्यांतले. चालायला मंद तंतू पुरतात, म्हणून आई घरात हिंडतात-फिरतात आणि सगळ्यांना वाटतं बरं चाललंय. खुर्चीतून उठताना मात्र एका क्षणात जोर लावावा लागतो, आणि तो लावणाऱ्या तुकड्याच उरलेल्या नाहीत किंवा झोपलेल्या आहेत. तोल गेला तर पाऊल झटकन पुढे टाकून स्वतःला सावरायलाही त्याच तुकड्या लागतात. हाताच्या रेट्याशिवाय उठता न येणं म्हणजे पडण्याचा धोका वाढला असं मी समजते, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की सगळ्या घराचं गणित बदलतं.

दिलासा हा की स्नायूची शिकण्याची क्षमता वयानं संपत नाही. 1990 मध्ये अमेरिकेत बॉस्टनला मारिया फिआतारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, सरासरी वय 90, मांडीच्या स्नायूसाठी आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. हलका नाही, पेलेल त्याच्या 80 टक्क्यांपर्यंतचा. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल तर 71 व्या वर्षी का होणार नाही?

घरी सुरुवात अशी करा. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठकीवर घट्ट उशी किंवा सतरंजीची घडी ठेवून तिची उंची इतकी वाढवा की आईंना हात न लावता, जरा कष्टानं, पण उठता येईल. बैठक जितकी खोल तितकी मांडी आडवी होते आणि गुडघ्यापासून भाराचं अंतर वाढतं, म्हणून सोफ्यावरून उठणं सगळ्यात अवघड. आईंना खुर्चीच्या पुढच्या कडेवर सरकायला सांगा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, हात छातीवर, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल इतकं पुढे झुकायचं आणि उठायचं. बहुतेक वयस्क माणसं पडायच्या भीतीनं मागे रेलूनच उठायला बघतात, तिथेच अडतं. तुम्ही समोर नको, बाजूला उभे राहा, एक हात कंबरेपाशी तयार ठेवा पण उचलू नका. आणि खाली बसताना तीन-चार आकडे मोजत सावकाश, धपकन नाही. तुमच्या गड उतरण्याच्या सरावात आहे तेच हे काम: दम लागत नाही आणि स्नायूला चांगला भार मिळतो.

सुरुवातीला पाच-सहा वेळा, मध्ये विश्रांती, असे दोन-तीन फेरे, दिवसाआड. हे सहज जमायला लागलं की घडीचा एक पदर काढा. थांबू नका, पदर काढत राहा, कारण भार वाढला नाही तर मोठ्या तुकड्यांना बोलावणं जात नाही. शिवाय स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या आणि हळू टेकवायच्या. महिन्यातून एकदा घड्याळ लावून नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठून बसायला किती वेळ लागतो ते वहीत लिहा. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर हालचालीची क्षमता कमी आहे असं आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषांत धरलं होतं. पहिल्या महिन्यात पाच वेळा जमलंच नाही तर तेही लिहा, हिरमुसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखतील. घरात कोणीतरी लगेच म्हणेल, "बघा, सांगितलं होतं ना." त्या दुखण्याचं कारण तुम्हाला आता माहीत आहे. सांध्यात सूज आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

भार दिला आणि प्रथिन दिलं नाही तर बांधकामाला माल मिळत नाही. भारतीय शिफारस निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम आहे, ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात. आई 55 किलोच्या असतील तर 55 ते 66 ग्रॅम. आपल्या घरातल्या ज्येष्ठ बायकांचं जेवण मी विचारते तेव्हा चित्र बहुधा एकच असतं: सकाळी चहा-खारी, दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि पातळ वरण, रात्री "मला एवढं पुरे" म्हणून मऊ खिचडी किंवा दूध-पोळी. याचे 30-35 ग्रॅमही होत नाहीत. नाश्त्याला दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही, दुपारी घट्ट वरण आणि मोड आलेल्या मटकीची उसळ, चार वाजता दूध आणि मूठभर शेंगदाणे (चावत नसतील तर कूट), रात्री खिचडीत दुपटीनं डाळ आणि सोबत 50 ग्रॅम पनीर, एवढं केलं की आकडा गाठता येतो. सगळं एका जेवणात नको, दिवसभरात वाटून द्या, म्हातारपणी स्नायूला प्रत्येक वेळी पुरेसा डोस लागतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आहार डॉक्टरांनीच ठरवायचा. मधुमेह असेल तर या व्यायामाचा दुहेरी फायदा आहे, कारण आखडणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत घेतो.

व्यायाम सुरू करतानाच काही तपासण्या त्यांच्या डॉक्टरांशी बोलून करून घ्या. ड जीवनसत्त्व फार कमी झालं की नेमके मांडी-कुल्ल्याचे स्नायू दुबळे होतात, खुर्चीतून उठणं आणि जिना चढणं अवघड होतं. पुण्यात ऊन भरपूर असूनही ही कमतरता मला सतत दिसते, कारण आयुष्य फ्लॅटच्या आत जातं. थायरॉइडची तपासणी करा. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल आणि ती सुरू झाल्यापासून दोन्ही मांड्या दुखत असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी असेल तर पोटॅशिअम पाहायला सांगा. आणि कमजोरी एकाच बाजूला असेल, अचानक आली असेल, बोलणं किंवा गिळणं बदललं असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, तर हा स्नायूंचा प्रश्न नाही, त्यांना ताबडतोब दवाखान्यात न्या.

यातलं काही नसेल तर उद्या सकाळी नाश्त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं उशीची पहिली उंची ठरवा. तुम्हीही शेजारी दुसरी खुर्ची घेऊन त्यांच्याबरोबर उठा-बसा, खाली जाताना चार आकडे मोजत. पुढच्या सिंहगडाची तयारी त्यातच होईल.